माझ्या नावाचा डबा

"हे कुणी ठेवलंय?" मी दारातूनच विचारलं.

ड्यूटी रूमच्या टेबलावर स्टीलचे तीन डबे ओळीने मांडलेले होते. एरवी त्या टेबलावर एक्स-रेची पाकिटं, अर्धवट खाल्लेले बिस्किटांचे पुडे आणि गार झालेल्या चहाचे कप यांचं राज्य असे. डबे मात्र लखलखीत घासलेले. प्रत्येकाच्या झाकणावर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर निळ्या शाईत नाव. इरफान. रेणुका. सुनीती.

सुनीती म्हणजे मी.

इरफान मुजावर स्वतःचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. तो माझ्याच वर्षाचा, मेडिसिनच्या एम.डी.च्या तिसऱ्या वर्षाला. मूळचा कागलचा, त्यामुळे खाणं आणि बोलणं या दोन्ही बाबतींत हात आखडता घेणं त्याला ठाऊक नव्हतं.

"खानोलकर मॅडमनी," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "भाजलेले चणे, शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी. आणि हे बघ की, पेरूच्या फोडी. मीठ-तिखट लावून आणल्यात."

"कुठल्या खानोलकर मॅडमनी?"

"आता हितं किती खानोलकर मॅडम हायत गं?"

एकच होत्या, म्हणून तर विचारलं. डॉ. वत्सला खानोलकर, आमच्या युनिटच्या प्रमुख. राउंडच्या वेळी आमच्या पोटात कावळे ओरडत, ते त्यांना ऐकू येई आणि त्या पुढच्या खाटेकडे जात. 'आम्ही शिकत होतो तेव्हा' इथून त्यांची वाक्यं सुरू होत, आणि त्यांच्या शिकण्याच्या काळात कुणी जेवत होतं किंवा झोपत होतं असं कधी ऐकिवात आलं नाही. मॅडमचा सकाळचा राउंड संपेपर्यंत कुणी चहाचा घोटही घ्यायचा नाही, आणि सीनियरनं खाल्ल्याशिवाय ज्युनियरनं डब्याला हात लावायचा नाही, हा युनिटचा शिरस्ता. अशा बाईनं आमच्यासाठी घरी बसून पेरू चिरावेत, हे काही मला पचेना.

"बोकडाला पाला घालतात तो काही प्रेमापोटी नाही घालत," मी म्हणाले.

"मग बोकड कोण? तू का मी?" इरफान हसला आणि त्यानं आणखी एक फोड तोंडात टाकली.

मी माझा डबा उघडलाच नाही.

संशय माझ्या रक्तातच आहे. आमचे अण्णा एसटीत तिकीट तपासनीस होते. वाटेत कुठंही गाडी थांबवायची, आत चढायचं, आणि समोर बसलेला प्रत्येक जण विनातिकीट आहे असं धरून चालायचं, ही त्यांची नोकरी. घरीही ते ड्यूटीवरच असत. दूधवाल्याचं माप, पाहुण्यांचं अचानक येणं, माझी पोटदुखी, सगळ्यांना आधी तिकीट दाखवावं लागे. शाळेच्या दिवशी पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलीला त्या घरात थारा नव्हता. त्यामुळे आजारी पडायची सवय मला कधी लागलीच नाही, आणि त्याचा मला अभिमानही होता.

ते अण्णा येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. डेपोत समारंभ ठरला होता. निमंत्रण पत्रिकेवर निमंत्रक म्हणून माझं नाव घालायचं आणि नावापुढं 'एम.डी.' छापायचं, असं त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरांपासून डेपो मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सगळ्या जगावर अविश्वास दाखवणाऱ्या माणसानं एवढ्या एका गोष्टीवर मात्र आधीच विश्वास टाकला होता. परीक्षा एप्रिलात होती. पण तिला बसायचं तर शेवटची टर्म युनिटप्रमुखानं मंजूर करायला हवी. केली नाही, तर डिसेंबरपर्यंत थांबा आणि मागे राहिलेल्यांबरोबर बसा. म्हणजे माझं एम.डी., अण्णांची पत्रिका, सगळं काही खानोलकर मॅडमच्या एका सहीवर अडलेलं होतं. आणि नेमक्या त्या दिवसांत मॅडमना आमच्या पोटाची काळजी वाटू लागली होती.

नाही म्हणायला निमित्त होतं. कॉलेजनं नुकताच 'निवासी डॉक्टर स्वास्थ्य सप्ताह' साजरा केला होता. आम्ही दिवसभर समोसे आणि चहावर जगतो, म्हणून सभागृहात फळांच्या टोपल्या मांडल्या, फोटो निघाले. एका पाहुण्यानं गाढ झोपेचं महत्त्व सांगितलं आणि श्रोत्यांनी ते जागच्या जागी अमलात आणलं. सप्ताह संपला, टोपल्या गेल्या, आम्ही पुन्हा समोशांवर आलो. फक्त आमच्या युनिटमध्ये डबे सुरू झाले. आणि बंद होईनात.

त्यांचं येणं एक वेळ सोडून देता आलं असतं. मला खटकलं ते त्यांचं जाणं. संध्याकाळी घरी निघताना मॅडम स्वतः ड्यूटी रूममध्ये येत. वॉर्डातल्या सिस्टरांच्या टेबलापाशी उभी राहून मी काचेतून बघत असे. डबे नुसते उचलून पिशवीत टाकायचे सोडून त्या एकेकाचं झाकण काढत, आत बघत, झाकण लावत. माझ्या डब्याशी जरा जास्तच वेळ थांबत.

"डब्यात एवढं काय बघायचं असतं?" मी इरफानला विचारलं.

"घासायला किती लागंल ते."

"चेष्टा नको. नावं कशाला घातलीत डब्यांवर? एका परातीत ठेवलं असतं तर आपण खाल्लं नसतं का?"

"तू तसंही खात न्हाईस. तुला परात काय आन् डबा काय."

हे मात्र त्यानं माझ्याकडं न बघता म्हटलं. तेही मी मनात टिपून ठेवलं.

मग रेणुका एक बातमी घेऊन आली. रेणुका वाघमोडे आमची पहिल्या वर्षाची ज्युनियर, सांगोल्याकडची, कष्टाला वाघीण आणि सदा भुकेली. वसतिगृहाच्या कामासाठी ती ऑफिसात गेली होती. परत आली ती दार लावूनच बोलायला लागली.

"मॅम, एक सांगू का? रागावणार नाही ना? तिथले हेडक्लार्क म्हणत होते, तुमच्या युनिटचा या वेळी एकच जण परीक्षेला बसणार दिसतोय. खानोलकर मॅडमनी तसं कानावर घातलंय म्हणे."

"एकच?"

"हो. मी म्हटलं, दोघं आहेत की. तर म्हणाले, बघू आता."

तिसऱ्या वर्षाला युनिटमध्ये आम्ही दोघंच, मी आणि इरफान. मला दरदरून घाम फुटला. तसा तो त्या दिवसांत अधूनमधून फुटतच असे.

आता सगळ्याचा अर्थ लागला. डबे म्हणजे परीक्षा होती, खऱ्या परीक्षेच्या आधीची. मॅडमनी दिलेलं कोण मान खाली घालून खातो आणि कोण नाकारतो, ते झाकण काढून बघायचं. इरफान पहिल्या दिवसापासून ताटावर बसल्यासारखा खात होता. मी मात्र डबा जसाच्या तसा परत करून माझ्या उद्धटपणाचा पुरावा रोज त्यांच्या हातात देत होते. अण्णा म्हणतात, तपासनीस गाडीत चढल्यावर जो खिडकीबाहेर बघतो त्याला आधी पकडावं. मी इतके दिवस खिडकीबाहेरच बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी रेणुकाला कामाला लावलं.

"हा तुझा, आणि हा माझा. दोन्ही तूच संपवायचे. माझ्या डब्यात चार दाणे ठेव, म्हणजे खरं वाटेल."

तिचे डोळे चमकले, पण पोरगी गुणाची. "मॅम, तुम्ही एक वडी तरी घ्या की. गुळाची आहे."

"नको. मला इच्छा नाही."

"काल पण नव्हती."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, रेणुका."

तत्त्वाचाच होता. असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं असतं. तसं पाहिलं तर मला कँटीनचा समोसाही नकोसा झाला होता, पण त्यात माझा काय दोष? कँटीनवाल्यानं तेल बदललं असणार, वासावरून कळत होतं. वॉर्डातलं फिनेलही कसलं तरी नवीन आलं होतं, त्यानं मला सारखी कोरडी ढास लागे. धोबी कपडे ताणून वाळवत असे, त्यामुळे माझे सगळे कुर्ते सैल झाले होते. मी त्याला दोनदा बोललेही. संध्याकाळी अंगात कणकण असे, पण ती कुठल्या निवासी डॉक्टरला नसते? क्रोसीनची गोळी घ्यायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. आमच्याकडे आजारी असतो तो पेशंट. डॉक्टर फक्त दमतो.

रेणुकाचे गाल मात्र हळूहळू वर आले.

एके दिवशी संध्याकाळच्या राउंडला मॅडम खाटेशी उभ्या असताना अचानक माझ्याकडं वळल्या.

"सुनीती, खाल्लंस आज?"

"हो, मॅडम."

"सगळं?"

"हो. छान होतं."

"काय होतं?"

मी सकाळपासून माझ्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. "चणे," मी म्हणाले. "चणे आणि वडी."

"आज उकडलेली अंडी दिली होती," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटचा केसपेपर हातात घेऊन त्याची लघवी कशी आहे ते विचारू लागल्या.

विनातिकीट पकडलेल्या माणसाला अण्णा गाडीतून खाली उतरवत, तेव्हा तो ज्या तोंडानं रस्त्यात उभा राहत असेल, त्या तोंडानं मी उरलेला राउंड केला. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावणारा माणूस निदान आपला डाव दाखवतो.

इरफानवरही माझी नजर होती. तो हल्ली मॅडमच्या केबिनमध्ये फार जाऊ लागला होता. एकदा मी कुणाचा तरी रिपोर्ट दाखवायला आत गेले, तर दोघं बोलता बोलता एकदम गप्प झाले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. इरफान छताकडं बघू लागला. छताला बघण्यासारखं काहीही नव्हतं.

पुढं तो मलाच प्रश्न विचारायला लागला. जिन्यात मी मधल्या कठड्याशी जरा टेकले, तर वरून म्हणाला, "थांबलीस का गं?"

"विचार करत होते."

"काल पण हितंच विचार करत हुतीस."

आणखी एकदा वॉर्डातल्या वजनकाट्यावर स्वतः उभा राहून त्यानं आरडाओरडा केला, मॅडमच्या चण्यांनी मी फुगलो बघ. आणि मग उतरून मला म्हणाला, "तू उभी राहा की. बघूया कोण जड ते."

"माझं वजन तुला कशाला हवंय?"

"उगंच."

"उगाच काही नसतं, इरफान. तू मॅडमना माझ्याबद्दल काय सांगतोस?"

तो वजनकाट्याचा काटा शून्यावर आणत बसला.

"एका युनिटचा एकच जण बसणार, हे तुलाही कळलंय," मी म्हणाले. "तीन वर्षं आपण एका ताटात जेवलो. तुला बसायचं असेल तर बस. पण माझ्या पाठीमागं चुगल्या करून बसू नकोस."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला थोबाडीत मारली होती. "चुगली न्हाई," तो म्हणाला. "पण सांगितलंय, हे खरं हाय. तुला काय समजायचं ते समज." आणि तो वॉर्डाबाहेर निघून गेला. मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, कबूल केलं एकदाचं.

त्याच आठवड्यात दुपारची ओपीडी संपल्यावर मॅडमनी आम्हा तिघांना तपासणीच्या खोलीत बोलावलं. आमच्या परीक्षेची तयारी, आणि त्यासोबत रेणुकाचं शिकणं. मी पुस्तक पाठ करून गेले होते. आज काय वाटेल ते विचारा, मी ठरवलं होतं, टर्म अडवायला एक फट मिळू देणार नाही.

खोलीत पेशंट नव्हता.

"आज निरोगी छाती बघायची," मॅडम म्हणाल्या. "निरोगी आवाज कानात बसला नसेल तर बिघडलेला कळत नाही. रेणुका, तू ठोकून बघणार. सुनीती, तू स्टुलावर बस, पाठ तिच्याकडं कर. इरफान, तू पडद्याबाहेर थांब आणि नुसतं ऐक. कान शाबूत असतील तर बघावं लागत नाही."

ही आमच्याकडची जुनी पद्धत. एका हाताचं बोट छातीवर किंवा पाठीवर सपाट टेकवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याच्यावर ठोकायचं. आत फुप्फुसात हवा असते, म्हणून डग्ग्यावर थाप मारल्यासारखा घुमारा निघतो. हवेच्या जागी पाणी झालं असेल तर आवाज मुका होतो. विद्यार्थी आधी टेबलं ठोकतात, मग एकमेकांच्या पाठी ठोकतात. मी आजवर किती जणांना पाठ दिली असेल, मोजदाद नाही.

पडदा ओढला. रेणुकानं उजवीकडून सुरुवात केली. वरून खाली, ठोक, ठोक, ठोक. पातळ कुर्त्यावरून स्वच्छ घुमारा येत होता.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता डावीकडं."

वर ठीक होतं. मग रेणुकाचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली. "माझं काहीतरी चुकतंय. इथं आवाज येत नाहीये."

ज्युनियरला शिकवणं हे सीनियरचं काम, म्हणून मीच बोलले. "मधलं बोट घट्ट टेकव. बाकीची उचल. आणि मनगटातून मार, कोपरातून नको."

तिनं सांगितलं तसं केलं.

"येत नाही, मॅम."

"खाली ये एक बोट. आता परत."

ठप.

"अजून खाली."

ठप. ठप.

तो आवाज मी ओळखत होते. शेकडो पाठींवर मी तो माझ्या बोटांनी काढला होता. आपल्या स्वतःच्या पाठीतून तो येतो तेव्हा कानाला नंतर ऐकू येतो, आधी हाडाला कळतो. पडद्यापलीकडं इरफानचा बूट एकदा फरशीवर घासला आणि थांबला.

"रेणुका, तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, त्याचं मला अजूनही नवल वाटतं. "डाव्या बाजूला खालून निम्म्यापर्यंत पाणी आहे."

मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. परीक्षक विचारतो त्याच सुरात त्यांनी विचारलं, "कशानं झालं असेल?"

आणि मी परीक्षार्थीसारखं उत्तर देऊ लागले. दुसरं काही मला येतच नव्हतं. "आपल्याकडं या वयात सगळ्यात आधी टीबीचा विचार करावा लागेल."

"इतिहासात काय विचारशील?"

"ताप. मंद असतो, संध्याकाळी येतो."

"येतो?"

"हो."

"आणखी?"

"कोरडा खोकला. जिना चढताना दम लागतो. घाम येतो. वजन उतरतं, कपडे सैल होतात."

"आणि भूक? पेशंटला भूक कधीपासून नाही?"

"पेशंटला..." मी म्हणाले. समोसा, कँटीनचं तेल, रेणुकाच्या तोंडात गेलेल्या त्या गुळाच्या वड्या, आणि माझं ते तत्त्व, सगळं एकदम समोर आलं. "मला दिवाळीपासून नाही, मॅडम."

रेणुका माझ्या पाठीवरचा हात काढायचा विसरली होती. तो तसाच राहिला आणि मला त्याचा आधार वाटला.

"दिवाळीनंतर मी तुला दोनदा विचारलं होतं, बरी आहेस का," मॅडम म्हणाल्या. "तू म्हणालीस, ठणठणीत. एक्स-रे काढ म्हटलं असतं तर काढला असतास?"

"नाही."

"टर्म बुडेल म्हणून."

"हो."

"मग मी काय करायचं? इरफान रोज येऊन सांगतोय, ती जिन्यात थांबते, ती खोकते, ती खात नाही. मी म्हटलं, खात नाही हे नक्की का? आधी तेवढं तरी बघू. म्हणून डबे आणले. आधी तुझा डबा जसाच्या तसा परत यायचा, मग एकदम रोज रिकामा. रिपोर्ट म्हणतो ही जेवते, आणि समोर उभी असलेली मुलगी दिवसेंदिवस वाळतेय. पेशंट आणि रिपोर्ट जुळत नसतील तर विश्वास कुणावर ठेवायचा, हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलंय."

"पेशंटवर," मी म्हणाले.

"मग अंड्यांचं विचारलं, आणि कळलं."

"आज पेशंट नव्हता असं नाही," मी म्हणाले. "होता."

"होता. तूच शोधावंस असं वाटत होतं मला. मी सांगितलं असतं तर तू माझ्यावरच संशय घेतला असतास."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी जे ओळखलं होतं ते सगळं खरं होतं, म्हणून तो जास्तच आला. "म्हणजे एकच जण बसणार, तो इरफान. माझी टर्म तुम्ही आधीच अडवली होती."

"हो. अडवली."

"अण्णांनी सगळ्या डेपोला सांगितलंय, मॅडम. मे महिन्यात त्यांचा..." आणि मी रडायला लागले. तीन वर्षांत कुणाच्या मरणानंतरही त्या हॉस्पिटलात मी कधी रडले नव्हते. आता एका पत्रिकेवरच्या दोन अक्षरांसाठी ओक्साबोक्शी रडत होते, आणि रडता रडता खोकत होते.

मॅडमनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "आम्ही शिकत होतो तेव्हा," आणि थांबल्या. मला वाटलं, आता भाषण. "आम्ही शिकत होतो तेव्हा माझी रूम-पार्टनर होती. तिलाही त्याच वर्षी बसायचं होतं. मी तिला बसू दिलं." एवढंच. तिचं पुढं काय झालं ते मलाही विचारवलं नाही.

पडदा बाजूला झाला तेव्हा इरफान भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"चुगलखोर," मी म्हणाले.

"हाय मी चुगलखोर," तो म्हणाला. डोळे पुसायला त्यानं ॲप्रनची बाही वापरली. "तू आठवडाभर माझ्यावर पाळत ठेवलीस. त्यातली निम्मी स्वतःवर ठेवली असतीस तर, बये?"

त्या संध्याकाळी मी अण्णांना फोन केला. एक्स-रे तोपर्यंत निघाला होता. मी सगळं सांगितलं, औषध सहा महिने घ्यावं लागेल, बरी होईन, पण परीक्षा या वेळी नाही. पलीकडून डेपोतल्या गाड्यांचा आवाज येत होता.

"कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?" अण्णा म्हणाले. "त्याचं काही धरून चालू नकोस. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलंस का?"

"अण्णा, मीच सांगितलं. निदान मीच केलंय."

अण्णा हळूच म्हणाले, "तू केलंस? मग बरोबरच असणार गं." आणि त्यांचा आवाज फुटला. त्यांना मी असं आधी कधी ऐकलं नव्हतं.

परीक्षा मी पुढं डिसेंबरात दिली आणि उत्तीर्णही झाले. इरफान एप्रिलातच झाला होता आणि माझ्या वेळी तो बाहेर जिन्यावर बसून राहिला होता. पण त्या दिवशी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेशंटचे ढगळ कपडे घालून, त्याच स्टुलावर, उशीला मिठी मारून पुढं वाकून बसले होते. पाठीमागं मॅडम हातमोजे चढवत होत्या. पाणी त्या स्वतः काढणार होत्या. रेणुकानं माझे हात धरले होते, तिचेच हात जास्त गार होते.

"मॅडम, डिसेंबरात तरी बसेन ना मी?"

"डिसेंबरचं डिसेंबरात बघू. आत्ताचं काय ते विचार."

पाठीवर गार औषधाचा बोळा फिरला. मग त्यांचं बोट बरगड्यांमधली जागा शोधत खाली आलं आणि एका ठिकाणी थांबलं. या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकानं मला विचारलेला प्रश्न माझ्या तोंडून आला. आणि मी प्रत्येकाला ठोकून दिलेलं उत्तरही मला पाठ होतं, मुंगी चावल्यासारखं वाटेल, बाकी काही नाही.

"दुखेल का?"

"दुखेल," खानोलकर मॅडम म्हणाल्या. "बऱ्यापैकी दुखेल. पण मी आहे. हलू नकोस."

मी हलले नाही.